दिवेलागणीचं वाचन

"मी न्हाई यायचो शाळंत. भट्टी सोडून तितं बायकांत बसू व्हय?" सुरेश मुशीतलं सोनं ढवळत खेकसला.

"नगा येऊ. लेक माजीबी हाय," कुसुम फणकारली.

"जा की मग. पर नापास म्हणाली शाळंतली दिदिमणी, तर भागीला गावाकडं धाडायची. थोरल्या वैनीकडं. सांगून ठेवतो."

विट्याकडनं सोनं गाळायला कलकत्त्यात आलेल्या गलाईवाल्यांची ही रीतच. पोरगं इथल्या शाळेत टिकलं नाही की धाडा गावाला. थोरला निखिल असाच गेला, आणि आता आईशी फोनवर दोन शब्द बोलायचे तर त्याला कोडं पडायचं. भागी एवढी उरली होती.

कुसुमला धास्ती नव्हती. तिला बंगालीचं एक अक्षर कळत नव्हतं, पण दिवेलागणीला भागीला समोर बसवून मोठ्यानं वाचून घेतल्याशिवाय ती ताट वाढत नव्हती. पहिल्या पहिल्यांदा पोरगी अडखळायची. मग कुसुमचे डोळे भरायचे. पण दिवाळीपासनं पोरगी कशी घडाघडा वाचत होती! सिंथी भागातल्या आपल्या गल्लीत कुणाला सांगू नि कुणाला नको, असं कुसुमला झालं होतं.

शाळेत उकाड्यानं जीव नकोसा झालेला. दिदिमणींनी पुस्तक मधेच उघडून भागीपुढं ठेवलं. भागीनं सुरू केलं, अगदी घरच्यासारखं, न थांबता. ऐकता ऐकता कुसुमचेही ओठ हलायला लागले. रोज ऐकून सगळं तिलाही तोंडपाठच की!

दिदिमणींनी पानावर हात ठेवला. हिंदीत म्हणाल्या, "हे या पानावर नाहीच. हा पहिला धडा, पाठ केलेला. हिला वाचताच येत नाही. घरी कुणी जवळ बसत नाही का हिच्या?"

कुसुमनं पुस्तक मिटलं नि भागीचं मनगट धरलं.

बाहेर रिक्षांच्या गर्दीत तिनं भागीवर हात उगारला. "रोज फशिवलंस व्हय गं मला?"

"मी अडखळले की तू रडायचीस, आई," भागी मान खाली घालून म्हणाली. "हा धडा म्हटला की हसायचीस."

उगारलेला हात कुसुमनं स्वतःच्याच कपाळावर मारून घेतला. पोरीची काय चूक? लई वाईट वाटलं तिला, पण पोरगी म्हणाली ते खरं होतं.

सुरेश काही दुष्ट माणूस नव्हे. गावाकडची तिकिटं आणली तेव्हा त्याच्याही तोंडाला चव नव्हती. पण बोलला तो शब्द त्यानं फिरवला नाही, आणि कुसुमला भांडायला तोंड उरलं नव्हतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ती पोरीच्या फ्रॉकांच्या घड्या घालत होती. भागीनं आपणहून पुस्तक काढलं. नवं पान. एकेका अक्षरावर बोट ठेवून ती वाचायला लागली. अडली, चुकली, घाबरून आईकडं बघायला लागली.

"थांबू नगंस," कुसुम म्हणाली. "अडखळ बाई माजे, पर वाच. मी न्हाई रडत."

भागीनं एक ओळ वाचली. मग दुसरी. कुसुमनं पदर तोंडात कोंबून धरला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी हावड्याहून गाडी होती, आणि गावच्या शाळेत ही बंगाली अक्षरं कुणी विचारणार नव्हतं.