पंधरा डेसिबलचा फरक

मावशीच्या संगणकावरचं सगळं पुसण्याआधी मी ते मोजून घेतलं. तीन हजार चारशे बारा तपासण्या, कॅलिब्रेशनची, म्हणजे मशीनचा आवाज अचूक ठेवणाऱ्या मापांची, एक फाइल, प्रिंटरचं एक सॉफ्टवेअर आणि मावशीने स्क्रीनच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवरचा परवाना क्रमांक. बाहेरच्या डिस्कवर उतरवून पुन्हा मोजलं. तीन हजार चारशे बारा. तरी मन थाऱ्यावर येईना, म्हणून तिसऱ्यांदा मोजलं.

मावशी कानांची तपासणी करते. आवाजबंद केबिनमध्ये माणूस हेडफोन लावून बसतो, सूर ऐकू आला की बटण दाबतो. गेल्या शुक्रवारी तिच्या संगणकाने आपणहून नवी ऑपरेटिंग सिस्टिम चढवून घेतली. शनिवारी तिथेच माझ्या बाबांची तपासणी झाली. बाबा बस चालवतात. चांगल्या कानाची सरासरी चाळीस डेसिबलच्या आत असेल तरच बस हातात राहते. आकडा जितका मोठा, तितकं कमी ऐकू येतं. बाबांचा आला सत्तावीस. त्यांनी डेपोभर सांगितलं.

मावशी रोज सकाळी आधी स्वतःचे कान तपासते. मशीन ठीक आहे की नाही, हे तिला त्यावरून कळतं. शनिवारी गर्दीत ते राहून गेलं. आज सोमवारी तपासले, तर एरवी वीस डेसिबलला ऐकू येणारा सूर पाचलाच आला.

"पन्नाशीत माझे कान तरणे झाले काय गं?" तिने फोनवर विचारलं. हसत नव्हती.

नवी सिस्टिम बारीक आवाज आपल्या मनाने मोठे करत होती. बंद केलं, तर संगणक पुन्हा सुरू होताच ते परत चालू. मशीनवाल्या कंपनीने कळवलं, आमचं सॉफ्टवेअर जुन्या आवृत्तीवरच चालवा. म्हणून दुपारी सगळं पुसून मी जुनी सिस्टिम टाकायला घेतली. तेवढ्यात बाबा प्रमाणपत्र न्यायला आले. ते उद्या सकाळी डेपोत द्यायचं होतं. कागद छापून तयार होता, फक्त सही राहिली होती.

"सही कर आणि मोकळी हो," बाबा मावशीला म्हणाले.

"भावोजी, खोट्या आकड्याखाली नाही करायची मी."

"नवीन मशीन मला ऐकू येतं म्हणतंय. तुम्ही मावशी-भाची मिळून त्याला म्हातारं करताय, आणि सोबत मलाही!"

मग माझ्याकडे वळून हळूच, "सत्तावीस आणि पंधरा, बेचाळीस. हो ना?"

"तसं नाही मिळवता येत, बाबा. बारीक आवाज नवी सिस्टिम जास्त वाढवते, मोठे कमी वाढवते. पुन्हा मोजावंच लागेल."

"म्हणजे अडतीसही येईल?"

"येईल. चाळीसही येईल. काहीही येईल."

स्क्रीनवरची पट्टी बासष्ट टक्क्यांवर अडकली. अकरा मिनिटं. मी माउस हलवला, केबल दाबून पाहिली, घड्याळ पाहिलं. बाबा दारापासून खिडकीपर्यंत नऊ पावलं चालत होते आणि परत नऊ.

"बसा हो एका जागी. फरशी झिजेल," मावशी म्हणाली.

"तेवीस वर्षं बसूनच काढली मी. बसच हातची गेली, तर उभं राहायचंय."

पट्टी पुढे सरकली.

पावणेचारला स्क्रीनवर जुन्या सिस्टिमचा निळा पडदा उघडला. मी सॉफ्टवेअर टाकलं, कॅलिब्रेशनची फाइल जागेवर ठेवली, तपासण्या परत आणल्या. तीन हजार चारशे बारा. मावशीने हेडफोन चढवला. सूर वीसला ऐकू आला. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. परत वीस.

"या, भावोजी."

बाबांनी हात पँटला पुसले आणि केबिनचं दार ओढून घेतलं. काचेतून मला त्यांचा अंगठा बटणावर दिसत होता. त्यांनी दाबलं. पुन्हा दाबलं.

मावशीने माइक सुरू केला. "भावोजी, आत्ता मी सूर दिलाच नव्हता."

त्यांनी मान हलवली. डोळे मिटून घेतले. मावशीने पहिल्यापासून सुरुवात केली आणि मी तिच्या शेजारी बसून आकडे लिहिले.

उजवा, म्हणजे चांगला कान. पाचशे हर्ट्झला तीस. हजारला पस्तीस. दोन हजारला पंचेचाळीस, दोनदा तपासून. चार हजारला पंचावन्न. सरासरी एक्केचाळीस पूर्णांक पंचवीस डेसिबल.