कॉफी कोणाची?

शहरातल्या त्या रेस्टॉरंटमध्ये टेबल मिळवायचं तर तीन आठवडे आधी फोन करावा लागे. तिथला कॅप्टन, म्हणजे सगळ्या वेटरांचा मुख्य, बावीस वर्षं तिथे उभा होता. उभा होता म्हणजे अक्षरशः उभा. त्याचे दोन्ही गुडघे आता त्याच्याशी बोलायला लागले होते. जेवणानंतर किंचित वाकून ‘कॉफी घेणार?’ असं विचारायची सवय त्याच्या अंगात इतकी मुरली होती, की एकदा त्याने घरी बायकोलाच तसं विचारलं. ती म्हणाली, ‘‘घेईन की. करा.’’

नोकरांना वर्षातून एकदा घरच्या माणसाला दुपारी जेवायला आणायची मुभा होती. बायको काही येईना. ‘‘तुम्ही वाढणार आणि मी बसून खाणार? घास उतरायचा नाही माझ्या घशाखाली.’’ म्हणून मग यंदा त्याने थोरल्या बहिणीला बोलावलं. ताई त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी. एका मोठ्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये तिने बत्तीस वर्षं चहा-कॉफीचा काउंटर सांभाळला होता आणि ती नुकतीच निवृत्त झाली होती.

ताई ठेवणीतले कपडे घालून आली, पर्स मांडीवर घट्ट धरून बसली आणि समोर आलेलं सगळं मन लावून जेवली. मशरूमचं सूप संपल्यावर तिने पावाच्या तुकड्याने वाडगा पुसून घेतला. मासा खाताना तर डोळेच मिटले. कॅप्टन लांबून बघत होता. आपण स्वतः रांधल्यासारखी त्याची छाती फुगली होती.

शेवटी छोट्या पांढऱ्या कपातून एस्प्रेसो, म्हणजे दोन घोटांची कडक काळी कॉफी आली. ताईने एक घोट घेतला. कप खाली ठेवला. मग बशीसकट तो हळूच टेबलाच्या पलीकडच्या कडेला सरकवला, जसा कोणा परक्याचा असावा.

दारापर्यंत सोडायला गेल्यावर त्याने विचारलं, ‘‘कसं वाटलं ताई?’’

‘‘बाळ्या, जेवण इतकं सुरेख की शेफचे हात हातात घ्यावेत.’’

‘‘आणि कॉफी?’’

‘‘कोण करतं रे ती?’’

‘‘मशीन करते.’’

‘‘अरे, पण मशीनकडे कोण बघतं?’’

कॅप्टनने वळून आत काउंटरवरच्या मशीनकडे बघितलं. ताईने त्याच्या कोटाची कॉलर सारखी केली. ‘‘जाऊ दे,’’ म्हणाली आणि निघाली.

ते ‘जाऊ दे’ त्याला टोचलं. ताई चिडली असती तर बरं झालं असतं. नोकरमंडळी मागच्या बाजूला स्टीलच्या पेल्यातून चहा प्यायची, त्यामुळे बावीस वर्षांत ती कॉफी त्याने कधी चाखलीच नव्हती. गर्दी ओसरल्यावर त्याने एक कप काढला आणि तोंडाला लावला. जळकी, राखेसारखी चव. वर काहीतरी खवट, जुन्या तेलाच्या बाटलीच्या बुडासारखं. तोंड कडू झालं ते संध्याकाळपर्यंत तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून तो परत येणारे कप बघायला लागला. ताटल्या चाटूनपुसून आल्यासारख्या, आणि कप निम्मे भरलेले. हे रोजचंच होतं. फक्त त्याच्या डोळ्यांना आजवर दिसलं नव्हतं. आणि त्याच लोकांना त्याने उठताना विचारलं होतं, तेव्हा सगळे हसून ‘छान, छान’ म्हणाले होते.

तो शेफकडे गेला. शेफ चिमट्याने एका ताटलीत कसलं तरी एवढंसं पान ठेवत होता.

‘‘शेफ, आपली कॉफी वाईट आहे हो.’’

‘‘मग मला काय सांगता? माझं काम गोडापर्यंत. त्यापुढे तुमचं राज्य.’’

बारवाल्याने तर ऐकूनच हात झटकले. ‘‘माझ्याकडे बाटल्या, कॅप्टन. मशीन माझ्या काउंटरवर ठेवलीय, एवढाच आमचा संबंध.’’ वेटर म्हणाले, आम्ही बटण दाबतो, जे पडेल ते नेतो. मालकांनी मोबाइलमधून डोकं वर न काढता विचारलं, ‘‘लोक आपल्याकडे कॉफी प्यायला येतात का?’’ मग काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, ‘‘मेकॅनिकला बोलवा हवं तर.’’

मेकॅनिक आला. पाठीत वाकलेला, पन्नाशीचा, कॅप्टनइतकाच दमलेला माणूस. कॉफी जिथून खाली पडते तिथली जाळी उघडून त्याने कॅप्टनच्या नाकापाशी धरली. जाळी डांबरासारखी काळी झाली होती.

‘‘शेवटची कधी धुतली होती?’’

कॅप्टनने जाळीवरून बोट फिरवलं, ते काळं झालं.

‘‘कॉफीच्या बिया सकाळीच दळून ठेवता ना? आणि डबा असा गरम मशीनच्या डोक्यावर?’’ मेकॅनिक जमिनीवर बसूनच बोलत होता. ‘‘वाईट वाटून घेऊ नका. मोठमोठ्या ठिकाणी जातो मी, सगळीकडे हेच. सूप वाईट निघालं तर कोणीतरी ओरडा खातं. कॉफी वाईट निघाली तर कोण खाणार? ती येते तेव्हा माणसाचं पोट भरलेलं असतं आणि तो बिलाची वाट बघत असतो.’’

‘‘मग करायचं काय?’’

‘‘रोज जाळी धुवायची. रोज कॉफी पाडून बघायची आणि स्वतः प्यायची. वाईट लागली तर दळण जाड-बारीक करून बघायचं. अवघड काहीच नाही. फक्त एक माणूस लागतो.’’

तो एक माणूस कोण होणार, हे दोघांनाही तिथल्या तिथे कळलं होतं.

कॅप्टन रोज पाऊण तास आधी यायला लागला. बायको वैतागली. ‘‘आहे तेवढं ओझं कमी होतं म्हणून हे अंगावर घेतलंत? कोणी सांगितलं होतं?’’ खरंच कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात बोटं दोनदा भाजली, आणि सकाळपासून सहा-सात कप चाखून रात्री झोप येईना. बियांचा डबा त्याने थंड कपाटात हलवला. दळायच्या यंत्राचा काटा एक घर मागे, अर्धं घर पुढे असं करत बसला. दहाव्या दिवशी कपात मधासारखी दाट धार पडली. त्याने घोट घेतला आणि तिथेच काउंटरला टेकून उभा राहिला. कडू होती, पण त्या कडूपणाच्या मागून हळूच गोडवा येत होता. शेफ जाता जाता थांबला, त्याने कप ओढून चाखला, भुवया उंचावल्या आणि काही न बोलता उरलेली सगळी पिऊन टाकली.

कप रिकामे परत येऊ लागले. दर गुरुवारी दुपारी येणारं एक वृद्ध डॉक्टर जोडपं होतं. डॉक्टरीणबाईंनी दुसरा कप मागितला. मग डॉक्टरांनीही. दोघं तासभर खिडकीपाशी बसून काहीबाही बोलत राहिली. कॅप्टनचे गुडघे दुखत होते, तरी त्यांच्याकडे बघून त्याला बरं वाटलं.

तीन आठवड्यांनी मालकांनी बोलावलं. त्याला वाटलं, दोन शब्द कौतुकाचे ऐकायला मिळणार.

‘‘कॅप्टन, लोक उठत का नाहीत?’’

‘‘म्हणजे, साहेब?’’

‘‘पूर्वी गोड खाऊन दहा मिनिटांत टेबल मोकळं व्हायचं. आता बसूनच राहतात. दुसऱ्या पाळीचे लोक दारात ताटकळतात. काल दोन कुटुंबं परत गेली.’’

‘‘कॉफी चांगली झालीय, साहेब. लोकांना आवडते.’’

‘‘तेच म्हणतोय मी.’’

मालक वाईट माणूस नव्हते. ते त्याच्याकडे काळजीने बघत होते. ‘‘आणि तुम्ही किती दमलेले दिसता. कशाला हा उपद्व्याप या वयात? मी नवी मशीन मागवलीय. कॉफीची तयार कुपी घालायची, बटण दाबायचं. दळायला नको, धुवायला नको.’’

त्याने वाद घातला नाही. वाद घालायला लागणारा जोर आताशा त्याच्यात सकाळी तेवढा असायचा, आणि ती दुपार होती.

नवी मशीन आली, काळी, पावाच्या डब्याएवढी. तिच्यातून पडणारी कॉफी जळकी नव्हती, चांगलीही नव्हती. कोमट, पातळ, वर साबणासारखा फेस. जुनी मशीन दोघा वेटरांनी उचलून कोठीत नेली. त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत कॅप्टन मागच्या गल्लीत गेला. चपला शिवणाऱ्याच्या शेजारी एका बाईचं कॉफीचं दुकान होतं. चार स्टुलं, एक खिडकी आणि लख्ख पुसलेली मशीन. तो तिथे बसून शांतपणे एक कप प्यायला. दुसरा मागवला. कोणासाठी उठायचं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी डॉक्टर जोडपं आलं. डॉक्टरीणबाईंनी एक घोट घेऊन कप ठेवला, नवऱ्याकडे बघितलं आणि नंतर कॅप्टनकडे बघून ओशाळल्यासारखं हसल्या. ‘छान’ म्हणायला त्यांनी तोंड उघडलंच होतं.

‘‘बाई, राहू द्या ती,’’ कॅप्टन हलकेच म्हणाला. ‘‘इथून बाहेर पडलात की डावीकडची गल्ली. चपला शिवणाऱ्याच्या शेजारी एक दुकान आहे. तिथे चांगली मिळते.’’

डॉक्टरांनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं. ‘‘हे तुम्ही सांगताय?’’

‘‘हो.’’

दोघं पाच मिनिटांत उठली आणि डावीकडे वळली. त्यानंतर चांगलं जेवणारा माणूस दिसला की कॅप्टन गल्लीचा पत्ता सांगू लागला. सगळ्यांना नाही, रोज चार-पाच जणांना. चव ज्यांना कळते ते खाताना गप्प होतात, हे त्याला एवढ्या वर्षांत समजलं होतं.

पंधरवड्याने मालक त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले. हॉलभर नजर फिरवून खूश झाले. ‘‘बघा कॅप्टन, टेबलं कशी वेळेवर मोकळी होतात. नव्या मशीनचा पायगुण म्हणायचा.’’

खरं काय ते सांगून टाकावं, असं कॅप्टनच्या अगदी ओठांवर आलं. पण तेवढ्यात पाच नंबरच्या टेबलावरच्या लोकांनी खुर्च्या मागे सरकवल्या आणि त्यांचे कोट आणायला हवे होते.

‘‘असेल, साहेब,’’ म्हणत तो कोटांकडे निघाला.