डावीकडचं गवत

त्या शनिवारी टिपल्टनमध्ये सकाळपासून पाऊस होता, आणि डोरी श्लेगलला त्याचं काहीच वाटत नव्हतं. डोरी शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाची किकर, म्हणजे लाथ मारणारी. बाकीचे गडी रेड्यांसारखे एकमेकांच्या अंगावर धावून जायचे. डोरीचं काम एवढंच, की बोलावतील तेव्हा मैदानात जायचं, वेस ओटिंगरने गुडघ्यावर बसून उभ्या धरलेल्या लांबोळ्या चेंडूला लाथ घालायची आणि तो दोन खांबांमधून पार करून बाकावर परत यायचं. आठवडाभर तिची एकही लाथ वाया गेली नव्हती. त्यामुळे ती अशी काही खुशीत होती, की तिला वेसच्या नव्या हजामतीचंही हसू येत होतं आणि कोच टॅकेटने टोपीवर चढवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीचंही.

शनिवारच्या सामन्याला जुने विद्यार्थी गावोगावहून येणार, त्यांच्यासमोर मैदान हिरवंगार दिसलं पाहिजे, म्हणून आठवडाभर शाळेच्या गवतावर कुणाला पाऊल टाकू दिलं नव्हतं. सराव चालला होता शेजारच्या कॉलेजात, कृत्रिम गवतावर. तिथे पाय कुठेही टेकवा, जमीन कालची तीच आज. लाथ उजव्या पायाची दिसते खरी, पण सगळा भार डाव्यावर असतो. तो चेंडूशेजारी खुंटीसारखा रोवला गेला तरच उजव्याची मिजास. डोरीचा डावा पाय आठवडाभर लाडावला होता.

मध्यंतरात शाळेचा बॅंड मैदानात उतरला आणि त्यांनी गावाच्या नावातलं भलंमोठं टी अक्षर केलं. अक्षराचा उभा दांडा मैदानाच्या मधोमध, आणि त्यात सगळे वजनदार गडी: ढोलवाले, आणि ज्यांच्या अंगाला पितळी वेटोळं घालून डोक्यावर परातीएवढं तोंड उघडतं ते भोंगेवाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणून दांडा एकदा पुढे चालला, पुन्हा मागे चालला, पुन्हा पुढे. ते गेले तेव्हा मधल्या गवताचा पार काला झाला होता.

खेळ पुन्हा सुरू झाला आणि टिपल्टनने लगेच चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन सहा गुणांचा टचडाउन केला. वरचा एक गुण कमवायला डोरी हसतच धावत आली, डावा पाय टेकवला, आणि पायाखालची जमीन सरकते म्हणतात ती तिची खरोखरच सरकली. बाईसाहेब बसल्या चिखलात. चेंडू खांबांकडे जायचा तो फटकन बाजूला उडाला, कुंपणावरून गेला आणि पलीकडे पायऱ्यांवर बसलेल्या बॅंडमधल्या एमेट बोवर्सच्या भोंग्यात धप्पकन जाऊन बसला. एमेट नुकताच हॉट डॉगचा पहिला घास घेत होता. घास त्याने सोडला नाही.

सगळं मैदान खदखदून हसलं. पाहुण्या संघाचे गडी पोट धरून वाकले. चिखलात बसलेली डोरीही हसत होती, पण गुणफलक पाहिल्यावर तिचं हसू आटलं. टिपल्टन तेरा, पाहुणे चौदा.

ती कुंपणाशी गेली. एमेट भोंगा उलटा करून चेंडू बाहेर काढायच्या खटपटीत होता. तिने माफी मागितली.

"माफी कसली?" तो म्हणाला. "तुझं गवत आम्हीच तुडवलं. आमची वळायची जागाच ती."

"मग न तुडवलेलं कुठे आहे?"

एमेटने डावीकडे बोट दाखवलं. टी अक्षरात तिथे बासरीवाल्या पोरी होत्या. त्या चालतात म्हणजे चिमण्याच, काडी मोडत नाहीत.

डोरी तिथे जाऊन टाचेने गवत दाबून आली. मुळं घट्ट होती.

शेवटच्या मिनिटापर्यंत फलक तेरा-चौदाच राहिला. मग टिपल्टनच्या पोरांनी ढकलत, लोळत चेंडू खांबांच्या अगदी समोर आणला, बरोब्बर मधोमध. कोच टॅकेट खूश झाला. तीन गुणांची याहून सोपी लाथ नाही, जा आणि मार, असं त्याने सांगितलं. डोरी हलली नाही.

"कोच, आधी चेंडू डावीकडे न्या."

"डावीकडे? अगं, खांब तिरके दिसतील तिथून."

"दिसू देत. इथून मी मारणारच नाही, पुन्हा बसेन फक्त."

कोचने वेसकडे पाहिलं. वेस म्हणाला, की हिचं डोकं फिरलेलं असतंच, पण आज गवताबद्दल खरं बोलतेय. कोचने टोपीवरची पिशवी काढून पाणी झटकलं, पुन्हा घातली आणि डाव बदलला. टिपल्टनचा गडी चेंडू घेऊन पुढे जायचं सोडून आडवाच पळाला आणि डावीकडे जाऊन त्याने स्वतःच लोळण घेतली; गडी पडेल तिथूनच पुढची लाथ. जुन्या विद्यार्थ्यांनी शिव्यांची लाखोली वाहिली. त्यांना वाटलं, पोरगं दिशा विसरलं.

कोचने खेळ थांबवून घेतला. वेस गुडघ्यावर बसला. डोरीने हिरव्या गवतावर डावा पाय घासून पाहिला, मागे गेली, मान डोलावली. चेंडू आला, वेसने धरला, ती धावली.

डावा पाय टेकला आणि बसला. हललाच नाही. खाली मान घालून डोरी त्या पायाकडे बघतच राहिली, आणि चेंडू हवेत असतानाच तिला हसू फुटलं. तो खांबांमधून गेला की नाही हे तिने पाहिलंच नाही. कळलं ते वेसने तिला उचलून गरगर फिरवलं तेव्हा. सोळा-चौदा! मघाचे शिव्या देणारे जुने विद्यार्थी कुंपण ओलांडून आत घुसले आणि उरलंसुरलं गवतही तुडवून मोकळे झाले. कोच टॅकेट ज्याला त्याला सांगत सुटला, की डावीकडे न्यायची कल्पना मुळात आपलीच.

बॅंडने विजयाची धून वाजवायची होती, पण एमेट भोंगा दुसऱ्याच्या गळ्यात टाकून खाली पळत आला होता. धापा टाकत त्याने विचारलं, की संध्याकाळच्या शाळेतल्या नाचाला ती त्याच्याबरोबर येईल का.

डोरीने हो म्हणायला तोंड उघडलं, पण हसण्यातून शब्दच बाहेर येईना. एमेटचे कान लाल झाले. बरं, असू दे, असं पुटपुटून तो वळला आणि चालू लागला. डोरी एका हाताने पोट धरून, चिखल उडवत त्याच्यामागे पळाली, मागून त्याची बाही पकडली आणि जोरजोरात होकाराची मान डोलावत राहिली.