वाटेतली वेदी

आमच्या गावची माणसं खोटं बोलण्यात अगदीच कच्ची. तोंडानं कसंबसं निभावून नेतील, पण पाय त्यांचं ऐकत नाहीत. त्या रविवारी आमच्या घराची राखरांगोळी व्हायची वेळ आली, ती या पायांमुळेच.

लंडनला पोरगेला राजा गादीवर होता आणि त्याच्या नावानं मोठी माणसं जुना धर्म मोडायचे हुकूम काढत होती. आधी चर्चमधल्या मूर्ती गेल्या. मग उत्तरेच्या भिंतीवरच्या संत ख्रिस्तोफरवर चुन्याचे हात फिरले. सकाळी त्याचं दर्शन घेतलं की त्या दिवशी अवचित मरण येत नाही, असं आम्ही मानायचो. चुना दिला तरी दारातून आत येताना सगळ्यांच्या माना त्या पांढऱ्या भिंतीकडे वळायच्याच. मग मधला कोरीव लाकडी पडदा आणि त्याच्यावरचा मोठा क्रूस करवतीनं कापून खाली उतरवला. शेवटी हुकूम आला तो वेदीचा: दगडी वेद्या फोडा आणि त्यांच्या जागी लाकडी टेबल मांडा.

आमच्या वेदीची शिळा चर्चच्या भिंतींपेक्षाही जुनी. भिंती खापरपणज्यांनी लोकरीच्या कमाईतून बांधल्या, पण शिळा त्याच्या आधीच्या बुटक्या चर्चमधली. चार कोपऱ्यांना चार आणि मधे एक, असे पाच क्रूस तिच्यावर कोरलेले. गावात जो कुणी जन्मला, ज्यानं लग्न केलं, जो मेला, त्याची मिस्सा, म्हणजे भाकरी-द्राक्षारसाची पूजा, त्या शिळेवरच झाली.

माझा नवरा हॅमंड त्या वर्षी चर्चचा कारभारी होता, म्हणून घण त्याच्या हातात आला. तो आणि पाणचक्कीवाला बार्टल दोघांनी मिळून शिळा खाली उतरवली. पुढे मात्र हात उचलेना. मग त्यांनी मधल्या वाटेतली फरशी उकरली, शिळा तिथे पालथी घातली, क्रूस खाली मातीकडे, आणि फटींमधून चुनामाती भरली. वरून पाहिलं तर साधी फरशी. बिशपांच्या माणसांपुढे हॅमंडनं शपथेवर सांगितलं की शिळा फोडून ओढ्यावरच्या पुलाच्या भरावात घातली.

खोटी शपथ उघडी पडली असती तर भरबाजारात फळीत मान अडकवून हॅमंडचे कान खिळ्यांनी तिला ठोकले असते, आणि मग नॉर्विचचा तुरुंग. तिथून आमच्या भागातलं कुणी धड परत आलेलं मला माहीत नाही.

सगळं झाकून राहिलं असतं, पण घरात माझ्या सासूबाई होत्या. ऑड्री पास्क. गुडघे दुखत असले तरी थंडगार फरशीवर गुडघे टेकणार, उपास मोडणार नाही, आणि आपण एकट्याच काय ते धर्माला धरून आहोत असं दिवसातून दहादा ऐकवणार. माझे सासरे ऑस्बर्न माझ्या लग्नाआधीच वारले होते. बाहेर कबरस्तानात, मोठ्या झाडाखाली त्यांना पुरलंय. त्यांच्याबद्दल घरात कुणी बोलत नसे आणि सासूबाई तर अवाक्षर काढत नसत.

पहिल्याच रविवारी सासूबाई काठी घेऊन शिळेच्या बाजूला उभ्या राहिल्या. "पाय लावशील तर बघ," असं येईल त्याला दबक्या आवाजात बजावलं. गाव आधीच मनातून चरकलेलं. शेणानं माखलेल्या बुटांनी वेदी कोण तुडवणार? दोन-तीन रविवारांत सवय लागली. माणसं मधल्या वाटेनं यायची आणि तिथे पोचली की बाकांना अंग घासत कडेनं जायची.

"आई, अगं असं वळून वळून गेले लोक तर आंधळ्यालाही कळेल!" हॅमंड रडकुंडीला आला होता.

"कळू दे आंधळ्याला. तुला कान वाचवायचेत, मला आत्मा."

"तुझ्या आत्म्यापायी माझा कान जाईल त्याचं काय?"

"दोन आहेत की."

अशी बाई. मला तिचा इतका संताप यायचा की पीठ मळताना मी तिचंच नाव घेऊन कणकेला बुक्के मारायचे.

आणि मग मास्टर क्रेसवेल आला. बिशपांचा तपासनीस. आगाऊ निरोप नाही, बरोबर लवाजमा नाही, नुसते दोन नोकर. रविवारी सकाळी गाव चर्चमध्ये शिरत असताना तो आधीच आत, बाप्तिस्म्याच्या कुंडाजवळच्या शेवटच्या बाकावर बसलेला. मूळचा कसायाचा पोर, पुढे शिकून मोठा झालेला. आवाज मऊ, हसू मऊ. टेबलाकडे, खिडक्यांकडे त्यानं पाहिलंही नाही. तो खाली पाहत होता.

मी बाकावर बसले आणि त्याच्या नजरेची दिशा पाहिली. तो येणाऱ्यांचे पाय बघत होता. बार्टल आत आला. पिंपाएवढं त्याचं पोट. शिळेपाशी येताच तो कडेला वळला आणि बाकाच्या टोकावरच्या कोरीव कुत्र्याला अडखळून पडता पडता वाचला. त्याच्यामागून त्याची बायको, तीही तशीच. मग बाकीचे. मला ओरडावंसं वाटत होतं, अरे मूर्खांनो, सरळ चाला! हॅमंडचा चेहरा चुन्याच्या भिंतीसारखा झाला होता.

प्रार्थना कशी संपली मला आठवत नाही. आमचे पाद्रीबाबा निकोलस भित्रे; नव्या पुस्तकातले शब्द वाचताना त्या दिवशी त्यांची जीभ सारखी अडखळत होती. शेवटचा आमेन झाला आणि क्रेसवेल उठला.

"बसा, बसा सगळे," तो म्हणाला. मग मधल्या वाटेनं सावकाश चालत शिळेपाशी येऊन थांबला. "सगळा गाव या एका फरशीला वळसा का घालतो, तेवढं मला सांगा कुणीतरी."

बाहेर कावळे ओरडत होते.

"सैल आहे, साहेब," बार्टल कसाबसा म्हणाला. "हलते."

क्रेसवेलनं टाच आपटून पाहिली. शिळा कशाला हलतेय? "चांगली घट्ट आहे. कारभारी कोण?"

हॅमंड उठला.

"कारभारी, एक पहार मिळेल का?"

मी डोळे मिटले. आता संपलं, एवढंच मनात होतं. तेवढ्यात खाड खाड असा आवाज झाला. चिखलातून चालताना घालायच्या लाकडी खडावा, खाली लोखंडी कडी असलेल्या, त्या चर्चच्या दारात काढून ठेवायच्या असतात. सासूबाईंनी त्या घातल्या होत्या आणि त्या बाकांमधून वाट काढत पुढे येत होत्या. आल्या, आणि शिळेच्या बरोबर मधोमध उभ्या राहिल्या.

"मी सांगते," त्या म्हणाल्या. "माझा नवरा आहे हिच्या खाली."

तो बाहेर झाडाखाली होता हे गावाला ठाऊक होतं.

"ऑस्बर्न पास्क. साहेब, असला माणूस तुम्ही पाहिला नसेल. प्यायला की समोर येईल त्याला तुडवायचा. गाव तेव्हा रस्त्यात त्याला वळसा घालून जायचं, आता मेल्यावरही घालतं. भित्रट मेले!" आणि तिनं पाय आपटला. "मी नाही घालत वळसा. ऐकतोस का रे, ऑस्बर्न? हा घे! हा घे!"

लोखंडी कड्यांचा दगडावर कडकडाट झाला. सत्तरीची बाई, काठी फेकून, कमरेवर हात ठेवून शिळेवर नाचत होती. तोंडातून शिव्या, डोळे लाल. थुंकलीसुद्धा. मला ती कोण आहे तेच ओळखू येईना.

क्रेसवेल तिच्याकडे बघत राहिला. मग पाद्रीबाबांकडे वळला. "दारुड्याला चर्चच्या आत पुरलं? बाबा, खरं आहे हे?"

पाद्रीबाबा निकोलस कधी कुणाशी खोटं बोलले नव्हते. त्यांनी पुस्तक मिटलं. "घंटा वाजवणाऱ्यांचा म्होरक्या होता तो, म्हणून आत जागा दिली," ते म्हणाले. "मीच पुरला."

"काढा की बाहेर!" सासूबाई हसल्या. "पहार आणा. घामाच्या साथीत गेलाय, अजून लागण होईल, तेवढं नाक बांधून घ्या. आणि काढलात तर परत ठेवू नका हं, नॉर्विचला घेऊन जा."

क्रेसवेलच्या नोकरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघेही मागे सरकले.

"पहार राहू दे," क्रेसवेल म्हणाला. त्याचं हसू तसंच मऊ होतं. "मेलेल्या दारुड्याला एवढं घाबरणं बरं नाही. सगळ्यांनी मधल्या वाटेनं बाहेर पडायचं. एकेक जण. सरळ. मी इथे उभा आहे."

त्याचा डाव सगळ्यांना कळला. जो अडखळेल त्याच्याकडून तो बाकीचं वदवून घेणार.

पहिला हॅमंड गेला. या माणसानं शिळा वाचवण्यासाठी स्वतःचे कान पणाला लावले होते, आणि आता तो तिच्यावर पाय ठेवून चालला, डावा, मग उजवा, डोळे सताड उघडे. त्याच्यामागून मी. बुटाच्या तळव्यातून मला तो दगड कळला, खोटं नाही सांगत. तरी चालले. मग बार्टल. तो शिळेच्या काठाशी येऊन थांबला. एक पाय उचललेला, तो खाली येईना. घाम कानामागून गळ्यात.

क्रेसवेल पुढे झुकला.

शिळेवरून उतरून बार्टलच्या मागे आलेल्या सासूबाईंनी त्याच्या पाठीत दोन्ही हातांनी असा धक्का दिला की तो शिळेवरून धडपडत पलीकडे गेला. "जा की रे ढोल्या! जिवंतपणी एकदा थोबाडीत खाल्लीस, अजून झिणझिण्या आहेत होय?"

कुणीतरी हसलं. त्या हसण्यानं माणसं सुटली. एकामागून एक गेली, म्हातारे, लेकुरवाळ्या, सगळी. शेवटी पाद्रीबाबा, मान खाली घालून. क्रेसवेल तिथेच उभा राहून सगळं बघत होता. मग त्यानं घोडा मागवला आणि पहार पुन्हा न मागता निघून गेला.

त्यानंतर शिळेला वळसा घालायची सोय उरली नाही. क्रेसवेल पुन्हा कधी येईल याचा नेम नव्हता. दर रविवारी सासूबाई खडावा घालून सगळ्यांत आधी तिच्यावरून जात आणि कुणी कडेनं सरकलं तर दंडाला धरून मधे ओढत. शिळेची पाठ घासून गुळगुळीत झाली.

पुढे राजा वारला, जुन्या धर्माची मेरी राणी आली आणि हुकूम उलटे फिरले. हॅमंडनं आणि बार्टलनं शिळा उपटून सुलटी केली. पाचही क्रूस होते तसेच होते, रेघही पुसली नव्हती. हॅमंड लहान मुलासारखा रडला. बायकांनी शिळा धुतली, पाद्रीबाबांनी पवित्र पाणी शिंपडलं, ती पुन्हा जागेवर चढली. गाव गुडघ्यांवर पुढे सरकलं. सासूबाई मात्र मागे, दाराशीच उभ्या.

मी त्यांना आणायला गेले. "आई, चला ना. सगळं तुमच्यामुळे वाचलंय. तुम्ही पहिल्या हव्यात पुढे."

"तू जा."

"पाय आम्ही सगळ्यांनीच दिला. पाद्रीबाबा म्हणतात, भीतीनं केलेलं देव धरत नाही."

"तुम्ही भीतीनं दिलात," त्या म्हणाल्या. "मी नाही. मला त्या वेळी शिळा दिसत नव्हती गं, थॉमसिन. तोच दिसत होता." त्यांनी उजवा हात पुढे केला. दोन बोटं वाकडी होती. मी समजत होते, म्हातारपणानं. "इतकी वर्षं इथे गुडघे टेकून त्याला माफ करते म्हणायचे. आणि त्या दिवशी वेदीवर उभी राहून त्याला तुडवला, आणि जन्मात वाटलं नव्हतं इतकं बरं वाटलं मला. नंतर दर रविवारी वाटायचं. त्यासाठीच तर मी आधी जायचे. ते कशानं धुणार, सांग."

पुढे मिस्साची घंटा वाजली आणि सगळ्यांच्या माना खाली गेल्या. या बाईच्या नावानं मी कणकेला बुक्के मारत होते, आणि तिचं काय मोडलंय हे एकाच घरात राहून मला कधी दिसलं नव्हतं. मी तिचा तो हात धरला आणि मिस्सा संपेपर्यंत तिथेच, दाराशी, तिच्याबरोबर उभी राहिले.