अनुभवाचा दाखला

भाऊजींनी न वाचताच कागद तिसऱ्यांदा घडी करून खिशात घातला, तेव्हा वहिनीला कळून चुकलं की सही होणार नाही.

अकरा वर्षं ती या धाकट्या दिराच्या कामांवर देखरेख करत होती. परवाना त्यांचा, पाटी त्यांची. सळया मोजून घेणं, ओळंबा लावून भिंत तपासणं, स्लॅबच्या दिवशी उन्हात उभं राहणं हे सगळं तिचं. गवंड्यांपासून वाळूवाल्यापर्यंत सगळे तिला वहिनीच म्हणत. आता तिला स्वतःचा ठेकेदारीचा परवाना हवा होता. लेखी परीक्षा ती पास झाली होती. अडलं होतं ते अनुभवाच्या दाखल्यावरच्या भाऊजींच्या सहीपाशी. शुक्रवारी पाचला मुदत संपत होती, आणि आज बुधवार.

घरी तिला बसवेना. धुतलेली पातेली तिने पुन्हा धुवायला घेतली.

"अगं, बूड झिजेल त्यांचं," नवरा म्हणाला. सायकली दुरुस्त करणारा हा माणूस तसा अबोलच.

"मग तुम्ही बोला ना भावाशी."

"बोललो. हो हो म्हणतो आणि सायकलीचा विषय काढतो."

गुरुवारी सकाळी तिने भाऊजींना कामावरच गाठलं. "नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा, भाऊजी. असं टांगून ठेवू नका."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "वहिनी, देखरेख तुम्ही केली असं लिहून दिलं, तर मी काय केलं? प्रत्येक स्लॅबला मी स्वतः वर हजर असतो, असं दरवर्षी त्या कार्यालयात लिहून देतो मी."

"पण तुम्हाला तर उंचीवर चक्कर येते."

"ते त्यांना कुठे माहीत आहे?"

भांडायचं ठरवून आलेली वहिनी पाठ फिरवून निघाली. ती तशीच परवाना कार्यालयात गेली. कारकुनाने नियमांचं पुस्तक चाळून पाहिलं.

"ठेकेदाराची नसेल तर ज्याचं बांधकाम त्या मालकाची सही चालते. काम लहान असलं तरी हरकत नाही, पण आमचे इंजिनिअर जागेवर येऊन तपासतात. सांभाळा. ते स्वतःच्या घरच्या कपाटाचाही कोपरा गुण्या लावून काटकोनात आहे का बघतात."

बर्फाच्या कारखान्यातली पंपाची खोली तिने चार वर्षांपूर्वी एकटीने बांधली होती. एवढीशी खोली, म्हणून तेव्हा परवाना लागला नव्हता आणि भाऊजींचं नावही त्यात नव्हतं. खोली अगदी समुद्राच्या तोंडावर. कारखान्याच्या मालकाने उभ्या उभ्या सही केली, आणि ती रात्र वहिनीने कूस बदलण्यात घालवली. एक गोष्ट तिला आठवली होती.

शुक्रवारी अडीच वाजता इंजिनिअर आले. हातोडीने भिंत ठोकत ते डावीकडे सरकू लागले. गप्प राहावं की सांगावं? शेवटी ती पुढे झाली.

"साहेब, तो वरचा कोपरा पोकळ वाजेल."

"माहीत होतं?"

"गिलाव्याच्या दिवशी वारा होता. पाणी मारायला मला उशीर झाला. नंतर करू म्हणत राहून गेलं."

त्यांनी कोपरा ठोकला. तो पोकळच वाजला. मग ते वहीत बराच वेळ लिहीत राहिले. तिने मान उंचावून पाहिलं, पण अक्षर लागेना.

"भिंत ओळंब्यात आहे. सळयांच्या गंजाचा डाग कुठे नाही. कोपरा पंधरा दिवसांत दुरुस्त करा, मी परत येईन," ते शेवटी म्हणाले.

पाचला दहा कमी असताना अर्ज जमा झाला. कोपरा तिने दुसऱ्याच दिवशी फोडून नवा केला. महिन्याभराने परवाना हातात आला. नवऱ्याने तो उलटसुलट करून पाहिला. "मागच्या बाजूला नवऱ्याला काही सूट वगैरे नाही का लिहिलेली?" तो म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी ती हसली.

भाऊजी मात्र महिनाभर बोलले नव्हते.

ती स्वतःच्या पहिल्या कामावर निघाली त्या सकाळी वाटेत त्यांचं काम चालू असलेली इमारत लागली. स्लॅब ओतणं चालू होतं. भाऊजी वर परांचीवर उभे होते, दोन्ही हातांनी बांबू घट्ट धरून, डोळे मिटून. तिला उशीर होत होता, पण पाय निघेना.

"खाली बघू नका, भाऊजी! लांब बघा, समोर!" ती ओरडली.

त्यांनी डोळे उघडले. समोर पाहिलं. हळूहळू एक हात सुटला, आणि त्या हाताने त्यांनी गवंड्याला फळी सरकवायची खूण केली.

"वहिनी, जा तुम्ही," मान न वळवता ते वरूनच म्हणाले. "तुमची माणसं खोळंबली असतील."

ती झपाझप चालू लागली.