डाव्या चाकाखालची थाळी

महिपतरावांनी वारज्याची जमीन विकली, पण गावातल्या बाकीच्यांसारखं केलं नाही. गळ्यात साखळी घातली नाही, की नगरसेवकाच्या मागे हिंडले नाहीत. बायपासला लागून उरलेल्या तुकड्यावर त्यांनी पत्र्याची शेड ठोकली आणि गाडीची चाकं सरळ रेषेत आणणारं, कॉम्प्युटरवर चालणारं व्हील अलाइनमेंटचं मशीन आणून बसवलं. हिंजवडीला जाणारी निम्मी आयटी याच रस्त्याने जाते, तिच्या चाकांकडे कुणी बघायला नको का, असा त्यांचा विचार. विचार चुकीचा नव्हता, फक्त मशीन चालवायला माणूस मिळेना. जे मेकॅनिक आले ते स्क्रीनकडे नव्या सुनेसारखं चोरून बघत आणि शेवटी अंदाजानेच नट पिळत.

मग चैताली ओव्हाळ आली. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा पहिल्या वर्गात, आणि तरीही शहरातल्या एकाही गॅरेजने तिला पान्याला हात लावू दिला नव्हता. सगळीकडे एकच उत्तर, रिसेप्शनला बसाल का? आबांनी, म्हणजे महिपतरावांनी, तिला असलं काही विचारलं नाही. "मशीन इंग्रजीत बोलतंय. तुला कळतंय का?" एवढंच विचारलं. कळतंय म्हटल्यावर दुसऱ्या दिवसापासून ती हडपसरहून दोन बस बदलून यायला लागली. तिचे वडील पोपटराव कारखान्यातून निवृत्त झालेले. लेक कॉम्प्युटरवर गाड्या सरळ करते ही बातमी त्यांनी बुद्धविहारातल्या एकूण एक माणसाला सांगून संपवली होती, आणि आता ते दुसऱ्यांदा सांगत होते.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग ती लाल पिकअप आली.

पिकअप होती अभय पटवर्धनची. अभय हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत, घर सदाशिव पेठेत. ज्या गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला माघार घ्यावी लागते, तिथे हा गृहस्थ उंच केलेली, दांडग्या इंजिनाची, रुंद टायरची पिकअप घेऊन राहत होता. रविवारी ती घेऊन डोंगर चढायचा, सोमवारी ऑफिस. त्याचे पुढचे टायर आतल्या कडेने झिजत होते. चैतालीने अलाइनमेंट केली, स्क्रीनवर सगळे आकडे हिरवे आले, गाडी गेली. आणि महिन्याभरात परत आली. टायरच्या कडेवरून हात फिरवला तर एकीकडून गुळगुळीत, उलटा फिरवला तर करवत.

"मी टायर विकत आणतो आणि तुम्ही ते किसून देता," अभय म्हणाला. "खोबरं किसायचं असेल तर घरी किसणी आहे आमच्याकडे."

चैतालीने पुन्हा केली अलाइनमेंट. पुन्हा सगळं हिरवं. आणि पुन्हा तो परत आला, या वेळी काहीही न बोलता, नुसते हात बांधून उभा राहिला. पुणेकर गप्प झाला की प्रकरण गंभीर असतं.

आबांचं निदान वेगळं होतं. "मशीनला नजर लागलीया." दर अमावास्येला ते मशीनपुढे नारळ फोडायचेच. आता मंगळवारीही फोडायला लागले, मग शनिवारीही. पुढची चाकं ज्या दोन गोल लोखंडी थाळ्यांवर उभी राहतात, त्यातली डावी थाळी प्रवेशाकडची. तिथे बसून, डोळे मिटून, नारळ तिच्या कडेवर आपटायचा आणि पाणी मशीनला पाजायचं, अशी त्यांची रीत. मग खोबऱ्याचे तुकडे सगळ्यांना. चैतालीच्या घरी नारळ फक्त आमटीत जायचा, पण आबांनी प्रेमाने दिलेला तुकडा ती नको म्हणायची नाही.

गाडी अशी तिसऱ्यांदा आली तेव्हा मात्र आबांनी तिला बाजूला बोलावलं.

"पोरी, माझा भाचा दत्तप्रसाद हाय. साताऱ्याकडं गॅरेजात होता. आता ह्या डावाला गाडी सरळ झाली तर झाली. न्हाय तर तो मशीनवर बसंल, तू काउंटरला बस. पगारात काय फरक न्हाय."

पगारात फरक नाही! चैतालीला त्या वाक्याचाच सगळ्यात जास्त राग आला. शेवटी रिसेप्शनच. बाबा विहारात आता काय सांगणार होते, लेक पावत्या फाडते म्हणून? ती नळाशी गेली. तोंड धुतलं आणि अभयला म्हणाली, "गाडी घ्या वर."

गाडी रॅम्पवर चढली. तिने चारी चाकांना मशीनचे डोळे, म्हणजे सेन्सर, लावले, चाकांची दिशा ठरवणाऱ्या रॉडचे नट फिरवले, आकडे हिरवे झाले. नेहमी ती इथेच हुश्श करायची. आज केलं नाही. आज तिचा त्या हिरव्या रंगावरचा विश्वासच उडाला होता.

"सर, गाडी मागे घ्या. पूर्ण खाली. आणि परत वर आणा."

"का?"

"मलाही माहीत नाही. घ्या."

अभयने गाडी उतरवली, परत चढवली. तिने कशालाही हात न लावता पुन्हा मोजलं. लाल. एकही नट फिरवला नव्हता आणि आकडे लाल! पुन्हा खाली, पुन्हा वर. पुन्हा लालच, पण आकडा तिसराच. अभय आता गाडीतून उतरून तिच्या शेजारी स्क्रीनपाशी आला. त्याचा कुत्सितपणा कुठल्या कुठे गेला होता.

"आमच्याकडे असं झालं तर आम्ही म्हणतो, प्रोग्राम सोडा, आधी तो कशावर चालतोय ते बघा," तो म्हणाला.

चैतालीने त्याच्याकडे बघितलं, मग रॅम्पकडे. कशावर चालतोय? थाळ्यांवर.

गाडी वर चढते तेव्हा चाकं जरा ताणलेली असतात. खालच्या थाळ्या मोकळ्या सरकतात, फिरतात, तेव्हा तो ताण जातो आणि चाक आपल्या खऱ्या जागी येतं. मग मोजायचं. थाळी सरकलीच नाही तर आपण ताणलेलं चाक मोजतो आणि त्याच्यावर नट आवळतो. रस्त्यावर पोचल्यावर ताण सुटतो आणि चाक तिरकं धावतं. लहान गाड्यांच्या बारीक टायरना ते कळायलाही वर्ष लागलं असतं. या पिकअपचे रुंद, जड टायर थाळीला घट्ट धरून बसत, आणि मग डांबरावर किसले जात.

तिने जॅक लावून गाडी उचलली. उजव्या थाळीला बोट लावलं, थाळी अलगद सरकली. डावीला बोट लावलं, मग तळवा, मग दोन्ही हातांनी जोर केला. ढिम्म. पहारीने उचकटून थाळी बाहेर काढली तर खाली तपकिरी, चिकट, वाळून दगड झालेला थर, त्यात थाळी सरकवणाऱ्या बेअरिंगच्या गंजलेल्या गोळ्या आणि मुंग्यांचं आख्खं गाव. आंबूस वास आला. खोबऱ्याचा.

दोघांनीही एकमेकांकडे बघितलं. अभयने तोंड उघडलं.

"सर, प्लीज," चैताली म्हणाली. त्याने ते मिटलं.

थाळी पुसून गप्प बसणं सोपं होतं. बेअरिंग गेलं होतं म्हटलं असतं तर आबांनी मान डोलावली असती. पण पुढच्या मंगळवारी पुन्हा नारळ फुटणारच होता. आणि सांगायचं तरी कसं? ज्या एका माणसाने तिला पान्याला हात लावू दिला, त्याला म्हणायचं की तुमच्या भक्तीने मशीन बिघडलं? तेही तिने, ओव्हाळांच्या चैतालीने?

विचार करायला सवडही मिळाली नाही. अमावास्या होती, आणि आबा हातात नारळ घेऊन शेडमध्ये शिरत होते.

"आबा, थाळीवर नको."

"का गं?"

"पाणी आत जातं. थाळी जाम झालीय त्याने."

आबा थांबले. त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. "तुमच्यात चालत नसंल," ते म्हणाले. "आमच्यात चालतंय."

चैतालीच्या कानशिलांत आग पेटली. इतके दिवस त्यांच्या हातचं खोबरं खाल्लं ते काय म्हणून? क्षणभर तिला वाटलं, पिशवी उचलावी आणि बस पकडावी. बसा म्हणावं मग तुमच्या भाच्याला घेऊन. पण ती हलली नाही. ही जागा तिने मिळवलेली होती, आणि एका वाक्यासाठी ती सोडून द्यायला ती काही वेडी नव्हती.

"तुमच्यात-आमच्यात काही नाही, आबा," ती म्हणाली. आवाज कापत होता, तो तिने कापू दिला. "मी सांगते म्हणून ऐकू नका. खाली बसा आणि हात लावून बघा."

आबा कुरकुरत उकिडवे बसले. उजवी थाळी ढकलली, सरकली. मग बाहेर काढलेल्या डावीकडे वळले. वाळलेला थर नखाने खरवडला, नाकाशी नेला. पुन्हा नेला.

"म्हंजी, हे मीच केलं?"

"तुम्ही चांगल्यासाठीच केलंत."

"पर केलं मीच."

"माझ्या गाडीपायी इतके नारळ!" अभयला आता राहवलं नाही. "माझ्या लग्नातसुद्धा एवढे फुटले नव्हते हो."

कुणी हसलं नसतं तर फार वाईट झालं असतं. पण आबाच आधी हसले, खोकला येईपर्यंत हसले, आणि डोळे पुसत उठले. स्वतः रॉकेल आणलं, स्वतः मांडी घालून थाळी घासायला बसले. चैतालीने नव्या गोळ्या बसवल्या, ग्रीस भरलं, थाळी जागेवर ठेवली. नारळ अजून तसाच बाजूला होता. आबांनी तो उचलला आणि तिच्यापुढे धरला.

"आता ह्यो कुठं फोडायचा, तू सांग."

तिने शेडच्या बाहेर, फाटकाजवळचा दगड दाखवला. आबा तिथे गेले आणि फोडून आले.

गाडी खाली उतरून पुन्हा रॅम्पवर चढली आणि चैतालीने नट नव्याने फिरवले. आकडे हिरवे. खाली, परत वर, परत हिरवे, आकडेही तेच. अभय बायपासच्या सर्व्हिस रोडवर एक चक्कर मारून आला, काच खाली केली आणि म्हणाला, "स्टिअरिंग सोडून दिलं तरी सरळ जातेय. आता आमच्या रविवारच्या डोंगरवाल्या ग्रुपमधल्या सगळ्यांना पाठवतो. त्यांचेही टायर किसलेलेच आहेत, फक्त त्यांना अजून कळलेलं नाही." चैतालीला इतका आनंद झाला की ती थँक्यू म्हणायचंही विसरली.

तो गेल्यावर आबा खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले.

"मगाशी मी बोललो ते..."

"बोललात खरं. लागलं मला ते, आबा."

"लागायचंच." त्यांनी मान खाली घातली. "तोंडातनं गेलं. पुन्हा जाणार न्हाय."

तिने मान हलवली. सगळं पुसून गेलं असं नव्हतं, पण ते खरं बोलत होते हे तिला कळत होतं. आबांनी खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि पलीकडच्याला कमी ऐकू येत असल्यासारखे ओरडले, "दत्तू! येतोयस न्हवं? ये, ये. पर मशीनवर बसायला न्हाय, शिकायला ये. आमच्या मॅडम हायत हितं, त्या शिकवतील."

मॅडम! चैतालीने स्क्रीनवरून नजर काढली नाही, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते आबांना दिसायला नको होतं.

"मी कधी म्हटलं शिकवीन?" ती म्हणाली.

आबांनी फोनवर हात धरला. "न्हाय म्हनतेस?"

"उद्या नऊला पाठवा. उशीर केला तर शिकवणार नाही."

"नऊ वाजता, दत्तू!" आबा फोनमध्ये ओरडले. "मॅडम कडक हायत."