दुसऱ्याच्या बांधीतली रोवणी

झामसिंगनं टाळ्या वाजवल्या, पण आवाज होऊ दिला नाही.

समोर जागेश्वर उभा होता. त्यानं पुन्हा एकदा आपल्या रोवणीची गोष्ट सांगून संपवली होती. इटियाडोह धरणाचं पाणी सुटलं तेव्हा मोहाची चढवून त्यानं मजुरीनं बाया लावल्या, दिवसभर बांधीच्या चिखलात उभं राहून धान रोवून घेतलं, आणि संध्याकाळी कळलं की बांधी शेजाऱ्याची. स्वतःची मधल्या धुऱ्यापलीकडे रिकामी पडलेली. शेजाऱ्यानं कापणीच्या वेळी त्याला नारळ फोडायला बोलावलं होतं.

लोक आधी हसले, मग त्यांचे डोळे ओले झाले. झामसिंगचा राग नेमका या क्रमावर होता. माणसानं हसवावं किंवा रडवावं. दोन्ही करून वर चहाचा पहिला कपही घ्यायचा, हे त्याला जास्त वाटे.

दारू सोडलेल्यांची ही सभा अर्जुनी मोरगावात शाळेच्या एका खोलीत दर रविवारी भरे. बसस्थानकाच्या मुतारीत भिंतीवर रंगवलेला फोन नंबर वाचून झामसिंग इथं पोचला होता. कोण येतं ते बाहेर सांगायचं नाही, असा नियम होता. त्यामुळे गावाला दारात लावलेल्या सायकलींवरूनच ओळखावं लागे.

दारू सुटली होती. त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. तक्रार होती ती आपल्या इतिहासाबद्दल. पाळी आली की तो उठून सांगे, "मी झामसिंग. पेत होतो. घरी जाऊन झोपत होतो." लोक पुढच्याची वाट पाहत. पुढे काही नसे. गट चालवणारा सेवकराम समजूतदारपणे मान हलवी, आणि ती हलणारी मान झामसिंगच्या जिव्हारी लागे. ना नालीत पडला, ना पोलिसांनी उचललं. एकदा त्यानं दारूपायी बकरी विकल्याचं जोडून पाहिलं, तर त्याच्याच गावच्या भैयाजीनं भर सभेत विचारलं, "तुझ्या घरी बकरी कधी होती?"

त्या रविवारी परतताना सायकल आपणहून धुरपताबाईच्या भट्टीकडे वळली. त्याला प्यायची इच्छा नव्हती. त्याला सांगण्यासारखं काहीतरी हवं होतं. एकदाच नीट प्यायची, चार लोकांसमोर नीट पडायचं आणि मग कायमची सोडायची. त्याला हे सगळं अगदी सरळ दिसत होतं. धुरपताबाईनं त्याला पाहून ग्लास विसळायला घेतला. पण पुढच्या सभेला घरच्या माणसांना आणायचं होतं, बायको कुंता सोबत असणार होती. त्याआधी नको.

"पुढच्या रविवारी येतो, सभा झाल्यावर," तो म्हणाला. दवाखान्यात वेळ घ्यावी तसा.

घरच्यांच्या सभेत आधी जागेश्वरची बायको वच्छला बोलली. रोवणीचं खरं आहे, पण बांधी अगदी लहान होती, असं तिनं सांगितलं. जागेश्वर छताकडे पाहत राहिला. झामसिंगला बरं वाटलं. मग सेवकरामनं कुंताला विचारलं. तिनं पदर सारखा केला, पण उठली नाही.

"हे झोपत नव्हते," ती म्हणाली.

झामसिंगनं मान वर केली.

"पेऊन आले का मले ओळखत नव्हते. दारात उभे राहून मलेच विचारत, बाई, कुंता घरी हाय का? मी म्हणत होती, नाई, माहेरी गेली. तं म्हणत, मंग बसतो."

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं आणि थांबलं.

कुंता सांगत गेली. तो पाटावर बसे. त्या परक्या बाईला धानाचं सांगे, वारलेल्या भावाचं सांगे. आमची कुंता कमी बोलते, पण तिच्या हाताला चव आहे, हेही सांगे. जेवण झालं की हात जोडून बाईचे आभार मानी आणि तिथंच आडवा होई. सकाळी त्याला काही आठवत नसे, आणि तिनंही कधी आठवण दिली नाही.

"आता दारू सुटली. मले ओळखतेत," कुंता म्हणाली. "पर एक शब्द बोलत नाई. त्या बाईसंग किती बोलत होते. मले तिचा राग येते."

मग टाळ्या सुरू झाल्या, खिडकीबाहेरची कबुतरं उडाली. जागेश्वरही टाळ्या वाजवत होता, पण त्याच्या हातांचा आवाज येत नव्हता. हे पाहण्यासाठी झामसिंगनं कित्येक रविवार काढले होते. ते त्यानं पाहिलं. सेवकरामनं चहाचा पहिला कप त्याच्या हातात दिला, तो हातातच निवला.

परतताना कुंता सायकलच्या कॅरिअरवर बसली होती. भट्टीपाशी धुरपताबाई ग्लास घेऊन ठरल्याप्रमाणे बसलेली दिसली. झामसिंगनं तिला लांबूनच हात जोडले आणि सायकल सरळ नेली.

घरी पोचल्यावर कुंता कुलूप काढून आत गेली, चूल पेटवायला बसली. झामसिंगनं सायकल भिंतीला लावली. दार उघडंच होतं. तो उंबरठ्याबाहेर थांबला आणि त्यानं कडी वाजवली.

"बाई," तो म्हणाला, "कुंता घरी हाय का?"

आत फुंकणीचा आवाज थांबला. धूर दारापर्यंत आला.

"हाय," कुंता शेवटी म्हणाली. "काऊन?"

एवढ्या पुढचा विचार झामसिंगनं केला नव्हता. त्यानं चपला काढल्या.

"मंग बसतो," तो म्हणाला.